युद्धाने दिले, युद्धाने नेले : वेस्ट पॉइंटचा फुटबॉल संघ

हडसन नदीकाठच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत अमेरिकन फुटबॉल, म्हणजे लांबट चेंडू काखोटीला मारून धावायचा तो खेळ, रुजवला डेनिस मायकी या कॅडेटने. २९ नोव्हेंबर १८९० रोजी नौदल अकादमीने या नवख्या संघाला २४-० असे लोळवले. पुढच्याच वर्षी नौदल अकादमीच्या अ‍ॅनापोलिसला जाऊन मायकीच्या गड्यांनी ३२-१६ असा वचपा काढला. १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात मायकी क्यूबात पडला. आजचे मैदान त्याच्या नावाचे आहे.

या संघाच्या १९४० च्या दशकातल्या भरभराटीचे मूळ मला प्रशिक्षकांपेक्षा युद्धात दिसते. दुसऱ्या महायुद्धाने इतर विद्यापीठांचे खेळाडू सैन्यात ओढून नेले, तेव्हा मुळात लष्कराच्याच असलेल्या वेस्ट पॉइंटकडे मात्र उत्तमोत्तम तरुण आले. प्रशिक्षक अर्ल ब्लेक यांच्या हाती डॉक ब्लँचर्ड आणि ग्लेन डेव्हिस अशी जोडी लागली. ब्लँचर्ड मधून फळी फोडायचा, डेव्हिस कडेने निसटायचा. १९४४ मध्ये नऊ सामन्यांत ५०४ गुण केले, दिले फक्त ३५. नोत्र दामसारख्या मातब्बर संघाचा ५९-० असा धुव्वा उडवला. सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी १९४५ मध्ये ब्लँचर्डला मिळाली, १९४६ मध्ये डेव्हिसला.

१९५१ चा घाव घरातलाच होता. परीक्षेतील गैरप्रकारात सुमारे नव्वद कॅडेट अकादमीबाहेर गेले. त्यांत संघातले कितीतरी खेळाडू होते, खुद्द ब्लेक यांचा मुलगाही होता. तरीही त्यांनी संघ नव्याने बांधला आणि १९५८ चा हंगाम एकही पराभव न पत्करता संपवला. मला हे यश १९४४ पेक्षा मोठे वाटते, कारण यात परिस्थितीची मदत नव्हती. त्या संघातल्या बिल कार्पेंटरने १९६६ मध्ये व्हिएतनाममध्ये शत्रूने घेरल्यावर स्वतःच्याच ठाण्यावर नापाम टाकायला सांगितले. तो वाचला. १९५० च्या दशकातला नामांकित खेळाडू डॉन हॉलेडर पुढच्या वर्षी तिथेच मारला गेला.

मग ओहोटी लागली. व्यावसायिक फुटबॉलमध्ये पैसा आला आणि पदवीनंतर पाच वर्षे लष्करी सेवेचे बंधन गुणी मुलांना जड वाटू लागले. शिवाय कॅडेटला वजनाची मर्यादा. समोरच्यांना अडवणारे दीडशे किलोचे गडी कुठून आणायचे? १९७३ मध्ये दहाच्या दहा सामने गेले, २००३ मध्ये तेराच्या तेरा. २००२ पासून सलग चौदा वर्षे नौदलाने हरवले.

तोडगा निघाला तो डावपेचात. प्रशिक्षक जिम यंग यांनी १९८० च्या दशकात आणलेली ‘ऑप्शन’ पद्धत प्रशिक्षक जेफ मंकन यांनी २०१४ पासून घासूनपुसून घेतली. डाव चालवणारा क्वार्टरबॅक चेंडू जवळच्या गड्याला देतो, स्वतः पळतो किंवा बाजूला फेकतो; निर्णय समोरचा बचावपटू हलला की क्षणात. इथे ताकदीपेक्षा शिस्त आणि सराव कामाला येतो, आणि या दोन्हींची वेस्ट पॉइंटला वाण नाही. २०१६ मध्ये २१-१७ ने नौदलाची साखळी तुटली. २०२४ मध्ये अमेरिकन कॉन्फरन्स या विद्यापीठ संघांच्या गटात दाखल होताच तुलेनला ३५-१४ हरवून विजेतेपद घेतले. आठवड्याभराने नौदलाने ३१-१३ असे पाडले, तरी बारा विजयांचा हा हंगाम ब्लेक यांच्या संघांशेजारी मांडावा असाच आहे. या वेळी तर विद्यापीठे ओस पाडणारे युद्धही नव्हते.