घोरणाऱ्याला झोप, ऐकणाऱ्याला घोर

लग्नाआधी आपल्याकडे पत्रिका पाहतात, गोत्र पाहतात, नाडी पाहतात. पण मुलगा घोरतो का, हे विचारायचं कुणालाच सुचत नाही. आमच्या लग्नात मानपानाच्या यादीवर तीन बैठका झाल्या, हे कलम मात्र राहूनच गेलं!

सुरुवातीची वर्षं हा थट्टेचा विषय होता. सासूबाई सांगलीहून आल्या की कौतुकानं म्हणायच्या, "दिवसभर राबतो गं, म्हणून गाढ झोप लागते त्याला." घोरणं म्हणजे गाढ झोप, हा आपल्याकडचा पक्का समज. इथल्या पलंगांना दोन वेगळ्या गाद्या आणि दोन वेगळी पांघरुणं असतात, याचं नवीन आलो तेव्हा मला हसू यायचं. पुढे वाटायला लागलं, मधे एक भिंतही दिली असती तर बरं झालं असतं. चाळिशी आली, ह्यांचं वजन दहा किलोंनी वाढलं आणि ती भिंत मीच घातली. पाहुण्यांच्या खोलीत झोपायला लागले. 'तात्पुरती' म्हणून केलेली ही सोय दोन वर्षं चालली. एकदा मुलीनं हळूच विचारलं, "आई, तू आणि बाबा भांडलात का?" त्या दिवशी मला खरंच काही उत्तर सुचलं नाही.

पण डोळे उघडले ते हायवेवर. फ्रँकफर्ट विमानतळावरून एर्लांगेनला परत येत होतो. वुर्त्सबुर्ग मागे पडलं आणि गाडी हळूहळू उजवीकडे सरकायला लागली. भर दुपारी, स्टिअरिंगवर हात ठेवून, ह्यांचा डोळा लागला होता! मी ओरडले, गाडी सावरली. मुलगी मागच्या सीटवर झोपली होती, तिला कळलंसुद्धा नाही.

त्या रात्री मी पाहुण्यांच्या खोलीत गेले नाही. हातात घड्याळ घेऊन बसून राहिले. घोरणं चढत जायचं, मग एकदम शांतता. दहा सेकंद, वीस, तीस... मग गुदमरल्यासारखा हुंदका आणि पुन्हा घरघर. इतकी वर्षं मला आवाजाचा त्रास होत होता. त्या रात्री पहिल्यांदा शांततेची भीती वाटली.

मी इंजिनीअर, त्यामुळे आधी 'हे होतं कसं' ते समजून घेतलं. घसा म्हणजे मऊ भिंतींची नळी. झोपेत स्नायू सैलावतात, नळी अरुंद होते, हवेचा वेग वाढतो, आणि वेग वाढला की दाब घटतो. कॉलेजात शिकलेला बर्नुली इथे असा भेटतो! मऊ टाळू फडफडते, तेच घोरणं. नळी पुरती मिटली की श्वास थांबतो, रक्तातला प्राणवायू उतरतो आणि मेंदू माणसाला क्षणभर जागं करतो. सकाळी त्यातलं काहीच आठवत नाही. दहा सेकंदांच्या वर श्वास थांबणं किंवा फार मंदावणं तासाला पाचपेक्षा कमी वेळा झालं तर ठीक. १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. याला 'स्लीप अ‍ॅप्निया' म्हणतात. घोरणाऱ्या प्रत्येकाला तो असतोच असं नाही. पण असला आणि दुर्लक्ष केलं तर रक्तदाब, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. आपल्या आशियाई लोकांत जबड्याच्या ठेवणीमुळे बारीक माणसालाही तो होऊ शकतो.

"मी काय पेशंट आहे?" हे ह्यांचं पहिलं वाक्य. मी भांडले नाही, फक्त फोनवर केलेलं रेकॉर्डिंग ऐकवलं. दुसऱ्या दिवशी हाउसआर्त्स्टकडे गेलो. तिथून स्पेशालिस्टकडे, आणि मग घरीच एक रात्र छातीला पट्टा, नाकाशी नळी आणि बोटाला चिमटा लावून झोपायचं. आकडा आला तासाला ३८! त्यानंतर श्लाफलाबोरमध्ये रात्रभराची सविस्तर तपासणी.

आता उपाय काय? आम्ही घरी कागद घेऊन बसलो. कुशीवर झोपणं: शर्टाच्या पाठीला टेनिसचा चेंडू शिवायचा, पाठीवर झोपल्यावरच घोरणाऱ्यांना उपयोगी. वजन कमी करणं: आवश्यकच, पण वेळ लागतो. रात्रीची बीअर बंद: दारूनं घशाचे स्नायू आणखी सैलावतात. १७५५ पासून बेर्गकिर्शवाय भरणाऱ्या गावात हे सांगणं म्हणजे पंढरपुरात टाळ वाजवू नका म्हणण्यासारखंच! खालचा जबडा पुढे धरणारी दातांची पट्टी: सौम्य आणि मध्यम आजारात चांगली; मास्क चालत नसेल तर २०२२ पासून इथल्या सरकारी विमा योजनेतही मिळते. ऑपरेशन: मोठ्यांमध्ये टाळूच्या ऑपरेशनच्या यशाची खात्री कमी. जिभेच्या नसेला चेतना देणारं यंत्र छातीत बसवणं: मास्क सहन न होणाऱ्या निवडक रुग्णांसाठी. २००६ साली स्वित्झर्लंडमधल्या एका छोट्या अभ्यासात तर डिजरिडू हे ऑस्ट्रेलियन वाद्य चार महिने वाजवून फायदा झाल्याचं दिसलं होतं. "मग शेजाऱ्यांचं काय?" या प्रश्नावर तो पर्याय बाद झाला.

राहिला मास्क, म्हणजे सीपॅप. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये तो जगापुढे मांडला. तत्त्व अगदी साधं: हवेच्या हलक्या दाबानं नळी आतून उघडी धरायची. तीव्र आजारात हाच पहिला उपाय, म्हणून डॉक्टरांनीही तोच सुचवला. विमा कंपनीनं मान्यता दिली, आमच्या खिशातून दहा युरो गेले.

पहिला आठवडा वाईट गेला. नाक कोरडं, गालावर वळ, मध्यरात्री मास्क जमिनीवर. "हत्तीची सोंड लावून झोपायचं का मी?" म्हणून एकदा चिडलेही. मास्कचा आकार बदलला, पाणी तापवणारा ह्युमिडिफायर जोडला आणि तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी स्वतःच म्हणाले, "अगं, डोकं किती हलकं वाटतंय!"

मागच्या डिसेंबरात यंत्र सांगलीलाही जाऊन आलं. व्होल्टेज सारखंच, त्यामुळे अडचण आली नाही. डॉक्टरांचं पत्र मात्र केबिन बॅगेत ठेवावं. सासूबाईंनी आधी कपाळावर हात मारला. चार दिवसांनी मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाल्या, "ह्याचे बाबाही असेच घोरायचे, मधेच थांबायचे. आम्हाला काय ठाऊक गं!" सासरे त्रेपन्नाव्या वर्षी झोपेतच गेले. कशानं, ते आता कुणी सांगू शकणार नाही. आम्ही दोघी बराच वेळ गप्प बसलो.

तेव्हा मंडळी, गणपतीच्या कार्यक्रमात 'आमचे हे कसे घोरतात' याच्या नकला जरूर करा. पण घरी गेल्यावर एक रात्र घड्याळ घेऊन बसा. श्वास मधेच थांबत असेल, दिवसा डुलक्या येत असतील, सकाळी डोकं जड होत असेल, तर सरळ डॉक्टरांची वेळ घ्या. आणि घोरणाऱ्या बायकांनो, लाजू नका. हा आजार बायकांनाही होतो, आणि संकोचापायी लपून राहतो.

पाहुण्यांची खोली आता पुन्हा पाहुण्यांसाठी रिकामी आहे. एर्लांगेनला कधी आलात तर जरूर या. फक्त तुम्ही घोरत असाल, तर आधी सांगा!