विमानात बसण्याआधी एकदा बिस्सीत जेवून या

व्हिसा आला की घरात काय काय सुरू होतं, तुम्हाला माहीत आहे. आई लोणचं बांधते, मामा सल्ले देतो, मित्र पार्टी मागतात, कुणीतरी बॅगेचं वजन करायला शेजारून काटा आणतं. 'पोचल्यावर फोन कर' हे सगळेच सांगतात. पोचल्यावर पहिले सहा महिने काढायचे कसे, हे मात्र कुणी सांगत नाही.

तुम्ही भिवंडीचे असाल किंवा कल्याण-ठाण्याकडचे असाल, तर निघायच्या आधी एक काम करा. एका दुपारी लूमच्या गल्लीत जा आणि बिस्सीत जेवून या.

भिशी नव्हे हं. भिशी ती, जिच्यात घरोघरच्या बायका महिन्याला पैसे टाकतात आणि चिठ्ठी काढतात. बिस्सी म्हणजे यंत्रमाग कामगारांची खाणावळ. महिन्याचा हिशेब, पगार झाला की चुकता. जमिनीवर पंगत, समोर डाळ-भात-भाजी-चपाती, बाजूच्या कारखान्यातला खडखडाट इतका की मीठ मागायलाही ओरडावं लागतं. जेवणारे बहुतेक जण शेकडो मैलांवरून एकेकटे आलेले. कुणाचं कुटुंब आझमगडला, कुणाचं बिहारात, कुणाचं ओडिशात. सकाळच्या पाळीचे जेवून उठतात तेव्हा रात्रपाळीचे डोळे चोळत येऊन बसतात.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही चाललो दुबईला, रियाधला, दोहाला. या खाणावळीशी आमचा काय संबंध?

संबंध असा, की परमुलखात रुळायचं कसं याचा अनुभव या गावाकडे भरपूर आहे. भिवंडी हे मुळात बाहेरून आलेल्यांनी वाढवलेलं गाव. कोकणी मुसलमान आणि आगरी इथले जुने. १८५७च्या धामधुमीनंतर उत्तर प्रदेशातून मोमीन विणकर आले. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. पद्मनगरात आजही दुकानांच्या पाट्यांवर तेलुगू अक्षरं दिसतात. १८ जानेवारी १९८२ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला, तो कधी रीतसर मिटलाच नाही, आणि कापडाचं पुष्कळ काम इथल्या मागांकडे वळलं. मग आणखी माणसं आली. अलीकडे मानकोली, राहनाळ, पूर्णा, काल्हेर या पट्ट्यात गोदामं उभी राहिली आणि त्यांच्या मागोमाग पुन्हा नवी माणसं. यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी पहिली रात्र इथे एकट्याने काढावी लागली.

आणि आता याच गावातली पोरं आखातात जातात. भिवंडीच्या गोदामात हातात स्कॅनर धरलेला किंवा फोर्कलिफ्ट चालवणारा मुलगा दुबईच्या जेबेल अलीतल्या गोदामात कामाला अगदीच नवखा नसतो. खोके तेच, रॅक तेच, बारकोड तेच. नवखा असतो तो काम संपल्यानंतरच्या वेळाला.

तिथे तुम्हाला बहुधा खोली मिळणार नाही. मिळेल 'बेड स्पेस'. म्हणजे एका खोलीत सहा-आठ पलंग, दोन मजली, त्यातला एक तुमचा. उशाशी चार्जर, पायाशी बॅग, पडदा लावला तर तेवढंच एकांत. पहिल्यांदा बघून घशात आवंढा येतो. पण लूमवाल्यांच्या खोल्या बघितल्या असतील तर धक्का कमी बसेल. तिथे एका पाळीचे झोपतात तेव्हा दुसऱ्या पाळीचे कामावर असतात आणि वळकटी तेवढी बदलते. त्या खोल्यांचेही अलिखित नियम असतात. झोपलेल्याजवळ मोबाइल मोठ्याने लावायचा नाही. दुसऱ्याच्या ताटातलं बोलायचं नाही. उसने पैसे पगारालाच मागायचे, रोज नाही. आजारी पडलेल्याला एकटं सोडायचं नाही. दुबईतल्या खोलीतही नियम साधारण हेच असतात, फक्त ते सांगणारा कदाचित मल्याळी असेल नाहीतर नेपाळी.

एक मात्र नीट बघा. खोलीत शिरलात की आधी बाहेर पडायचे रस्ते किती, ते बघा. जिना मोकळा आहे का, खिडकीला जाळी ठोकली आहे का. १२ जून २०२४ला कुवेतमध्ये मंगाफ इथे कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली आणि त्यात ४५ भारतीय गेले. झोपेत असलेल्यांना धुराने बाहेर पडू दिलं नाही. 'नवीन आहोत, कसं विचारायचं' म्हणून लाजू नका.

कागदांचं बोलू, कारण पुढची निम्मी दुखणी तिथूनच सुरू होतात. दहावी पास नसाल तर पासपोर्टवर ईसीआर असा शिक्का असतो, आणि १८ देशांत कामाला जायचं तर सरकारची परवानगी लागते. ही सगळी प्रक्रिया ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर होते. एजंट नोंदणीकृत आहे का, हेही तिथेच दिसतं. नोंदणीकृत एजंट कायद्याने जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेऊ शकतो, आणि त्याची पावती द्यायला हवी. कुणी दीड लाख मागत असेल आणि 'पावतीचं नंतर बघू' म्हणत असेल, तर ते नंतर कधीच येत नसतं. 'आत्ता व्हिजिट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून देतो' हे ऐकलं की तर सरळ उठा. व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे आणि पकडले गेलात तर दंड तुम्हाला होतो. एजंट इथेच चहा पीत असतो. संयुक्त अरब अमिरातीत तर कामगाराकडून भरतीचा खर्च घ्यायलाच बंदी आहे.

ईसीआरवाल्यांना प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर दहा लाख. एवढ्या पैशात हल्ली दोघांचा सिनेमाही होत नाही. पॉलिसीचा फोटो घरी आईच्या नाहीतर बहिणीच्या फोनमध्ये ठेवा, तुमच्या फोनमध्ये ठेवून उपयोग काय? पासपोर्ट आणि कराराची प्रतही तशीच. अडचण आलीच तर परराष्ट्र खात्याचं 'मदद' पोर्टल आहे. त्यावर घरचे लोकही तक्रार करू शकतात.

हे झालं कागदांचं. आता खरी गोष्ट. तिथे पोचल्यावर तुम्ही घरी खोटं बोलणार आहात.

सगळेच बोलतात. 'खोली मस्त आहे, जेवण मस्त आहे, साहेब चांगला आहे.' फोटो पाठवताना मागे बुर्ज खलिफा येईल असा कोन धरतात, बंकबेड कुणी पाठवत नाही. त्यात अमिरातीत व्हॉट्सॲपवर मेसेज जातात पण कॉल लागत नाही, दुसरं ॲप घ्यावं लागतं. आईच्या फोनमध्ये ते निघायच्या आधी टाकून, एकदा करून दाखवून जा. नाहीतर पहिला आठवडा 'तुझा फोन का लागत नाही' यातच जाईल.

खोटं बोलण्यामागे प्रेमच असतं, हे खरं. पण त्याचा हिशेब पुढे येतो. घरच्यांना वाटतं पोरगा मजेत आहे, मग मागण्या वाढतात. बहिणीचं लग्न, घराचा वरचा मजला, चुलतभावाला बाइक. इकडे तुम्ही पहिल्या पगारात कर्जाचा हप्ता, बेडचं भाडं, मेसचे पैसे वजा करून बसलेले असता. बिस्सीत जेवणाऱ्या जुन्या कामगाराला विचारा, गावी पैसे किती पाठवतोस? तो आकडा सांगेल आणि पुढे हेही सांगेल, की घरच्यांना पहिल्या दिवसापासून तेवढाच सांगितलाय. हा एक धडा तरी जरूर शिका. निदान एका माणसाशी खरं बोला. भाऊ असेल, मैत्रीण असेल, कुणीही. खोलीचा खरा फोटो त्या एकाकडे असू द्या.

बाकीच्या अडचणी मानाने सोप्या आहेत. इथलं ड्रायव्हिंग लायसन्स तिथे राहणाऱ्याला चालत नाही, नव्याने काढावं लागतं आणि ते महाग पडतं, तेव्हा 'गेल्या गेल्या गाडी चालवीन' हे डोक्यातून काढा. ऊन आपल्या उन्हासारखं नाही. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला कायद्याने मनाई आहे, यावरूनच काय ते समजा. भाषेची भीती मात्र उगाच. अरबी दहा शब्द यायला हवेत, पण साइटवर हिंदी-उर्दू सर्रास चालते. भिवंडीच्या पोराला त्या बाबतीत कुणी शिकवायची गरज नाही. जर्मनीचं वेगळं. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून इलेक्ट्रिशियन आणि नर्सिंगवाली मुलंही तिकडचं विचारू लागली आहेत. तिथे भाषा हाच दरवाजा आहे. जर्मन आली नाही तर हातातली कला बाहेरच उभी राहते.

आता जरा टोचेल असं. आपल्याकडे बिस्सीत जेवणाऱ्या माणसाला आपण काय म्हणतो? 'भय्या.' रिक्षात, रांगेत, भांडणात, कशातही. नाव कुणी विचारत नाही. तो वीस वर्षं इथे असला तरी 'गाववाला' नसतो. विमानातून उतरलात की त्याची जागा तुमची. तिथला फोरमन तुमचं नाव नीट उच्चारणार नाही. तुमचं राज्य कुठलं, भाषा कुठली, याचं कुणाला काही पडलेलं नसेल. 'ए हिंदी' अशी हाक आली की पहिल्यांदा राग येईल, मग सवय होईल.

मे २०२०चा पहिला आठवडा आठवतो? भिवंडी रोड स्टेशनातून गोरखपूरकडे श्रमिक विशेष गाडी सुटली. पोलीस, मास्क, हातात पिशवी, गळ्यात गमछा. लूम बंद, बिस्सी बंद, खोलीभाडं थकलेलं. त्याच आठवड्यात, ७ मेपासून, आखातातल्या भारतीयांना आणायला 'वंदे भारत'ची विमानं निघाली. पहिली अबू धाबी आणि दुबईहून केरळात उतरली. एकीकडे रेल्वेचा डबा, दुसरीकडे विमान, पण आत बसलेल्यांचं म्हणणं एकच होतं: काम गेलं, आता घरी जाऊ द्या. आपण टीव्हीवर ते दोन वेगळ्या बातम्या म्हणून पाहिलं.

मग रुळतं कोण? पद्मनगरकडे बघा. तेलुगू माणसांनी आधी माग टाकले, मग आपापले सण, देवळं, लग्नाची बोलणी, जातपंचायतीतले तंटेसुद्धा इथे आणले. घरात तेलुगू, गल्लीत हिंदी, कचेरीत मराठी. तिसऱ्या पिढीतली मुलं तिन्हीत सहज भांडतात. आपलं सोडलं नाही आणि समोरचं नाकारलं नाही. मराठी माणसानेही हे बाहेर केलंय. विदर्भातल्या दातार कुटुंबाने १९८४मध्ये दुबईत छोटंसं किराणा दुकान टाकलं, त्याचा पुढे धनंजय दातारांनी 'अल अदील' हा केवढा पसारा केला. पण सुरुवातीला ते परमुलखातल्या माणसांना घरची चव देणारं दुकानच होतं. दुबईत महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती बसतो. जरूर जा. फक्त तेवढ्यातच राहू नका. आजारी पडाल तेव्हा डॉक्टरकडे नेणारा बहुतेक वेळा शेजारच्या बेडवरचा असतो, आणि तो मराठी असेलच असं नाही.

एक फरक मात्र डोक्यात ठेवूनच जा. पद्मनगरच्या लोकांना भिवंडीत मत देता आलं, घर घेता आलं, नगरसेवक होता आलं. आखातात कामगाराचा मुक्काम साधारणपणे नोकरीशी बांधलेला असतो. नोकरी संपली की परवाना संपतो. तिथे वीस वर्षं काढूनही माणूस परत येतो, आणि परत येऊन राहण्यासाठी इथेही काहीतरी जपून ठेवावं लागतं. थोडी बचत, एखादा धंद्याचा विचार, चार माणसं.

तर शुक्रवारी जा. बहुतेक लूम त्या दिवशी बंद असतात, गल्लीत आवाज कमी असतो, बोलता येतं. जेवणाचे पैसे आधीच विचारा. आणि शेजारी बसेल त्याला एवढंच विचारा, 'इथे आलात तेव्हा पहिल्या रात्री कुठे झोपला होतात?' बहुतेकांना ती जागा नेमकी आठवते.