टेबलावरचं मैदान आणि समोरचा गडी



छंद म्हटला की लोक गाणं, बागकाम, नाणी, तिकिटं अशी नावं सांगतात. माझा छंद सांगायला जरा वेळ लागतो. मी टेबलावर क्रिकेट खेळतो, टेबलावर फुटबॉल खेळतो आणि टेबलावरच लढाया लढतो. वयाची पन्नाशी उलटली तरी खेळतो. घरातल्यांनी आता विचारणं सोडून दिलंय. पाहुणे मात्र विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

ज्यांना बैहर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. बालाघाटहून घाट चढून पठारावर आलं की आमचं गाव लागतं. पर्यटकांना ते कान्हाच्या मुक्की गेटकडे जाताना दिसतं आणि नोकरीवाल्यांना मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीकडे जाताना. १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूर होती, नंतर भोपाळ झाली. घरात मराठी, शाळेत आणि बाजारात हिंदी, आणि आठवडी बाजारात गोंडी-बैगा मंडळींचं बोलणंही कानावर पडतं. मराठी घरं मोजकीच. बारावी झाली की मुलं नागपूर, जबलपूर, भिलाई गाठतात. माझ्या छंदाची खरी अडचण इथेच आहे. टेबल मिळतं, फासे मिळतात, पुठ्ठा आणि रंगही मिळतो. मिळत नाही तो समोर बसणारा गडी.

पुस्तकातलं क्रिकेट

सुरुवात सगळ्यांसारखीच, बुक क्रिकेटने. पुस्तक उघडायचं आणि डाव्या पानाच्या आकड्याचा शेवटचा अंक बघायचा. २, ४, ६ म्हणजे तितक्या धावा, शून्य आलं की आऊट. ८ चा नियम गावोगावी वेगळा. आमच्याकडे आठाला एक धाव मिळायची.

पुढे गणित शिकल्यावर कळलं की हा खेळ किती बेतशीर आहे. डावं पान नेहमी सम आकड्याचं, म्हणजे शेवटचा अंक पाचांपैकी एक. दर पाच वेळा उघडण्यात सरासरी एक विकेट आणि एका विकेटमागे १३ धावा. दहा विकेटचा डाव साधारण ५० वेळा पुस्तक उघडून संपतो आणि धावसंख्या १३० च्या आसपास जाते. १९८३ च्या अंतिम सामन्यात भारताने १८३ केल्या होत्या आणि वेस्ट इंडीज १४० वर गडगडली होती. म्हणजे आमचा भूगोलाचा ग्रंथ विंडीजच्या त्या दिवसापेक्षा फार वाईट खेळत नव्हता! मधल्या सुट्टीत दोन्ही डाव उरकायचे. पुस्तक मात्र नवीन लागायचं, कारण जुन्याची शिवण सैल झाली की ते ठरावीक पानावरच उघडतं, आणि ते पान कोणतं हे पुस्तकाच्या मालकाला पाठ असतं.

दुसरा प्रकार सहा बाजूंच्या पेन्सिलीचा. ब्लेडने रंग खरवडून बाजूंवर १, २, ३, ४, ६ आणि 'आऊट' लिहायचं आणि बाकावर पेन्सिल घरंगळवायची. इंग्लंडमध्ये अशाच सहा बाजूंच्या धातूच्या दोन कांड्या 'आउझदॅट' नावाने डबीत विकायला असायच्या, हे मला फार नंतर कळलं.

माझा शाळेतला जोडीदार मलाजखंडच्या खाणीत काम करणाऱ्या कुटुंबातला. त्याच्या वडिलांची बदली राजस्थानात खेत्रीला झाली. मग आम्ही पंधरा पैशांच्या पोस्टकार्डावर सामने खेळू लागलो. एका कार्डावर मी माझा डाव लिहायचा, उत्तराच्या कार्डावर त्याने त्याचा. पुस्तक त्याने खरंच उघडलं की नाही, हे इथून कोण बघणार? तो लिहायचा '३४, चार बाद' आणि मी वहीत तसंच उतरवायचो. दोन वर्षं ही मालिका चालली. समोर माणूस नसतानाही खेळ चालतो, फक्त त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो.

राणी झाली चेंडू

फुटबॉल आम्ही कॅरमबोर्डावर खेळायचो. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या सोंगट्या म्हणजे नऊ-नऊ गडी. लाल राणी हा चेंडू. दोन्ही टोकांना काडेपेटीची उघडी पेटी म्हणजे गोल. आपली सोंगटी टिचकीने मारायची, ती राणीला लागली की पुन्हा आपली पाळी, नाही लागली तर समोरच्याची.

जगात हा खेळ 'सबुटिओ' या नावाने प्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६-४७ च्या सुमारास इंग्लंडमधल्या पीटर अॅडॉल्फ यांनी तो बाजारात आणला. अॅडॉल्फ पक्षीप्रेमी. त्यांना खेळाला 'हॉबी' हे नाव द्यायचं होतं, कारण तो छंदही आणि त्याच नावाचा एक छोटा ससाणाही. ते नाव नोंदवता आलं नाही, म्हणून त्यांनी त्या ससाण्याच्या शास्त्रीय नावातला 'सबुटिओ' हा शब्द उचलला. सुरुवातीच्या खोक्यात मैदानही नसायचं. खडू मिळायचा आणि घरातल्या जुन्या लष्करी कांबळ्यावर रेषा तुम्हीच आखायच्या. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. म्हणजे साहेबाच्या पोरांनीही आमच्यासारखंच घरातल्या वस्तूंवर भागवलं होतं. हा खेळ अजून जिवंत आहे. २०२४ चा विश्वचषक अॅडॉल्फ यांच्याच टनब्रिज वेल्सला झाला.

सीताबर्डीची लढाई, सहा फूट बाय चार फूट

लढायांकडे मी आत्याकडून वळलो. आत्या पुण्याला. एका दिवाळीत तिच्या वाड्यातला मातीचा किल्ला आणि त्यावरचे मावळे पाहिले. किल्ला सुंदर होता, पण मावळे चार दिवस एकाच जागी उभे होते. मला वाटलं, हे चालले तर?

ते चालवायची रीत जगात जुनी आहे. आपल्या चतुरंगात हत्ती, घोडा, रथ, पायदळ होतंच. प्रशियात राइसविट्झ पितापुत्रांनी नकाशावरचा युद्धखेळ रचला आणि १८२४ पासून तिथल्या सैन्याने तो अधिकाऱ्यांना शिकवायला घेतला. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहून शिशाच्या सैनिकांना नियम दिले. आजची साधारण रीत अशी आहे. पट्टीने मोजून सैनिक हलवायचे, फासे टाकून गोळीबाराचा आणि धैर्याचा निकाल लावायचा.

मी निवडली सीताबर्डी, कारण ती आपली. आमचा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी अप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि कंपनीची फौज यांच्यात गोळीबार सुरू झाला. भोसल्यांकडे साधारण १८ हजार माणसं, कंपनीकडे दीड हजाराच्याही आत. कंपनीवाले जवळजवळच्या दोन टेकड्यांवर होते. २७ च्या सकाळी भोसल्यांच्या पदरच्या अरबांनी लहान टेकडी घेतली. आता मोठी पडणार असं दिसत असताना कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाने खाली मैदानात हल्ला चढवला, लहान टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि ती टेकडी परत गेली. दुपारपर्यंत लढाई संपली. पुढे कैदेतून निसटून अप्पासाहेब महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला आले, म्हणजे आमच्याच सातपुड्यात.

दोन ट्रंकांवर सहा बाय चारचा प्लायवूड ठेवला. थर्माकोलच्या टेकड्या केल्या, लाकडाच्या भुशाला हिरवा रंग देऊन गवत केलं. एक मातीचा सैनिक म्हणजे शंभर माणसं. कंपनीचे १४ आणि भोसल्यांचे १८० करायला एक अख्खा हिवाळा गेला. तोफा ओढायला पोळ्याच्या बाजारातले सगळ्यात छोटे मातीचे बैल मिळाले.

खरी मेहनत नियमांना लागली. १८० विरुद्ध १४ म्हटल्यावर खेळात राहिलं काय? म्हणून मी असं ठेवलं: भोसल्यांची १८ पथकं, पण दर पाळीला सेनापतीने एक फासा टाकायचा आणि जितका आकडा येईल तितकीच पथकं हलवायची. अरब वेगळे, घोडेस्वार वेगळे, पायदळ वेगळं. सगळ्यांना एकाच वेळी एक हुकूम पोचत नाही. कंपनीची पथकं चारच, पण चारही दर पाळीला हलतात. या एका नियमाने चित्रच पालटलं. तीन डावांत एखादा भोसले जिंकतात. जिंकतात ते लहान टेकडी घेतल्याबरोबर मोठीवरही चाल केली तर. थांबले की हरतात. संख्येचं बळ आणि ती वापरण्याचं बळ यातला फरक मला इतिहासाच्या पुस्तकात कधी इतका स्पष्ट दिसला नव्हता.

लंडनची जत्रा

काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये भाचीकडे लंडनला गेलो होतो. तिथे 'सॅल्यूट' नावाचं युद्धखेळांचं प्रदर्शन भरतं. साउथ लंडन वॉरलॉर्ड्स या क्लबने ते १९७० च्या दशकात सुरू केलं. मी पाहिलं ते एक्सेल या भल्यामोठ्या प्रदर्शन-केंद्रात, एका दिवसाचं. दारं उघडण्याआधीच आत रांग वळसे घेत गेलेली. मला आपल्या गावच्या मंडईची आठवण झाली, फक्त टोपल्यांत भाजीऐवजी इंचभर उंचीचे सैनिक, झाडं, पूल, घरं आणि ढीगभर फासे. तिकिटाबरोबर एक सैनिक भेट. जुने संच विकण्या-घेण्याचा वेगळा कोपरा. रंगवलेल्या सैनिकांची स्पर्धा, तीही भिंग लावून बघावी अशी.

टेबलं दोन प्रकारची होती. काही नुसती बघायची. दुसरी खेळायची. तिथे क्लबचे लोक येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावतात, दोन मिनिटांत नियम सांगतात आणि फासे हातात देतात. एक बाजू अनोळखी माणसासाठी मुद्दाम मोकळी ठेवलेली असते. मी नेपोलियनच्या काळातल्या एका टेबलावर अर्धा तास खेळलो. समोरच्या गृहस्थांना मी मराठी म्हणताच त्यांनी 'असाये' म्हटलं. जालना जिल्ह्यातल्या असईची २३ सप्टेंबर १८०३ ची लढाई त्यांना तोंडपाठ होती, कारण पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला वेलस्ली ती आपली सर्वांत सरस लढाई मानत असे. सीताबर्डी त्यांनी ऐकली नव्हती. मी वहीच्या पानावर दोन टेकड्या काढून दाखवल्या. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला.

येताना मी दोन डझन फासे आणि एक इंचांची टेप एवढंच घेतलं. बाकीचं महाग होतं. पण मोकळ्या ठेवलेल्या जागेची कल्पना फुकट मिळाली.

आपल्या गणेशोत्सवात

त्या वर्षी गणपतीत आमच्या मोजक्या मराठी घरांच्या कार्यक्रमात मी सीताबर्डी मांडली. भोसल्यांच्या बाजूला पाटी लावली: 'सेनापती पाहिजे'.

पहिले आले ते एक वडीलधारे काका, निवृत्त शिक्षक. बराच वेळ बघून म्हणाले, "अरे, बाप्पासमोर हरलेली लढाई कशाला मांडलीस? मांडायचीच तर जिंकलेली मांड की."

मी म्हटलं, "काका, अजून हरलेली नाही. खेळून बघा."

ते खेळले नाहीत, बाजूला खुर्ची ओढून बसले. सातवीतली एक मुलगी पुढे आली. तिने लहान टेकडी घेतली, मग तिला सलग तीन पाळ्या एक आणि दोनच पडले. पथकं जागची हलेनात. ती चिडून हिंदीत म्हणाली, "ये लोग सुनते क्यों नहीं?" काका खुर्चीतून उठले. "हेच तर झालं होतं, बाळा," असं म्हणून त्यांनी तिला अप्पासाहेब, रेसिडेंट जेन्किन्स, १८१६ चा तैनाती फौजेचा तह, सगळं मराठीत सांगितलं. ती हरली. लगेच म्हणाली, "आजोबा, आता तुम्ही भोसले, मी कंपनी." आजोबांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या.

तो डाव आरतीमुळे अर्धवट राहिला. दुसऱ्या दिवशी दोघं वेळेआधी हजर. मुलीची आई मला म्हणाली, "ही घरी आमच्याशी हिंदीतच बोलते. काल रात्री 'मोठी टेकडी कशी घ्यायची' हे आम्हाला मराठीत समजावत होती." मराठी वर्ग काढायचे प्रयत्न आम्ही पूर्वी केले होते. चार रविवार चालतात, मग बंद पडतात. हा 'वर्ग' मात्र अजून सुरू आहे, कारण तिथे कुणी मराठी शिकायला येत नाही, जिंकायला येतं. काका आता भोसल्यांच्या बाजूने माझे नियम दुरुस्त करत असतात. ती मुलगी दोन-तीन वर्षांत बाहेरगावी शिकायला जाईल, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. काकांनी तिला सांगून ठेवलंय, जाशील तिथून चाली कळव, मी इथे सैनिक हलवतो.

तुम्हाला करायचं असेल तर

खर्च जवळजवळ नाही. पुस्तक आणि वही असेल तर क्रिकेट आजच सुरू होतं. कॅरम असेल तर फुटबॉल. लढाईसाठी आपल्या भागातली एखादी छोटी लढाई घ्या. दहा-बारा पथकं पुरेत, पुठ्ठ्याचे चौकोनही चालतात. नियम एका पानात बसवा, नाहीतर मुलं पळतात. जिंकण्याची संधी दोन्ही बाजूंना ठेवा, पण सारखी नको. आणि एक बाजू घरच्यांनी अडवू नका, ती येणाऱ्यासाठी सोडा.

येत्या स्नेहसंमेलनाला मी प्लायवूड, बैल आणि तोफांसह येतोय. काका भोसल्यांची बाजू सोडायला तयार नाहीत, तेव्हा कंपनीच्या बाजूने कोण बसतंय ते कळवा.