विहिरीवरच्या स्टार्टरला आधी विचारा, मग सांगा

मुदखेड परिसरातील फुलशेती, केळी आणि हळद या पिकांना पाणी वेळेवर लागते. थ्री फेज लाईट मात्र आपल्या सोयीने येत नाही. पाळी रात्रीची असली म्हणजे अंधारात विहीर गाठावी लागते. वाटेत साप, रानडुक्कर, पावसाळ्यात निसरडा बांध. या त्रासातून सुटका म्हणून पुष्कळ शेतकऱ्यांनी पंपाला मोबाईल स्टार्टर बसवून घेतला आहे. महाराष्ट्रात या कामाची सुरुवात करणाऱ्यांत पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांचे नाव घ्यावे लागते. त्यांच्या ‘नॅनो गणेश’ या उपकरणाला २००९ साली नोकिया कंपनीच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले. आता अनेक बनावटींचे स्टार्टर बाजारात मिळतात.

हा स्टार्टर म्हणजे सिमकार्ड घातलेली पेटी होय. तिला संदेश पाठविला की ती मोटार चालू किंवा बंद करते आणि तसे उत्तर पाठविते. संदेशाला आपोआप उत्तर देणाऱ्या अशा व्यवस्थेला संगणकाच्या क्षेत्रात बॉट म्हणतात. शेतकरी गटांच्या टेलिग्रामवर बाजारभाव किंवा हवामान सांगणारा चॅट बॉट असतो, तोही याच जातीचा. त्याचा विचार लेखाच्या शेवटी केला आहे. चालू आणि बंद या दोन आज्ञा सर्वांना पाठ असतात. परंतु पेटीच्या पोटात दहा-पंधरा सेटिंग्ज असतात, त्या कोणी पाहत नाही. दुकानदाराने बसविताना जे ठेवले तेच वर्षानुवर्षे चालते.

याचा अनुभव आमच्या घरीच आला. विहिरीच्या काठावरील मोनोब्लॉक पंप जाम झाला होता. थोरल्या बंधूंनी बंदचा संदेश पाठविला, ‘मोटार बंद’ असे उत्तर आले, आणि ते पंपवाल्याला घेऊन विहिरीवर गेले. त्याने मागचे झाकण काढून पंखा हाताने फिरवून पाहिला आणि पाना घेण्यासाठी वळला. तेवढ्यात मोटार सुरू झाली! हात एक क्षण आधी निघाला म्हणून बोटे वाचली.

“अरे, मी तर बंद केली होती,” दादा पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्यांचे खरेच होते. पण पेटीत पाच क्रमांक नोंदलेले होते आणि त्यांतला एक पाडव्याला काम सोडून गेलेल्या सालगड्याचा होता. त्याच्या मोबाईलमध्ये जुन्या आणि नव्या मालकाची मोटार एकाच नावाने होती. त्याने नव्या मालकाची मोटार लावायला फोन केला आणि आमची लागली. त्याची त्यात काही चूक नव्हती. पेटी आणखी कोणाचे ऐकते हे आम्ही तिला कधी विचारलेच नव्हते.

म्हणून पहिली गोष्ट अशी की, बंदचा संदेश म्हणजे कुलूप नव्हे. पंपाला, पाइपला किंवा वायरला हात लावण्यापूर्वी मेन स्विच खाली करावा, तिन्ही किटकॅट काढून स्वतःच्या खिशात ठेवावेत, आणि मगच काम सुरू करावे. पेटीतील कोणतीही सेटिंग याची जागा घेऊ शकत नाही.

सेटिंग कशी पाहावी

प्रत्येक बनावटीच्या आज्ञा वेगळ्या असतात. त्या सोबतच्या पुस्तिकेत दिलेल्या असतात. पुस्तिका हरवली असेल तर विक्रेत्याकडून आज्ञांचा कागद मागून घ्यावा. त्या कागदावर दोन प्रकारच्या आज्ञा असतात. एका प्रकाराने पेटी फक्त माहिती सांगते, दुसऱ्याने ती काही बदल करते. पहिल्या प्रकारच्या आज्ञांनी नुकसान होत नाही, तेव्हा त्या बिनधास्त पाठवून पाहाव्यात. मोटारीची स्थिती, तिन्ही फेजचा व्होल्टेज, अँपिअर, पेटीचे घड्याळ, नोंदलेले क्रमांक, ऑटो की मॅन्युअल ही पद्धत, टायमर, आणि कोरड्या धावेची व जादा भाराची मर्यादा, एवढे तरी विचारून घ्यावे. आलेली उत्तरे वहीत तारीख घालून उतरवून ठेवावीत आणि त्याची एक प्रत पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावी. माझ्या मते मोबाईल स्टार्टर घेणाऱ्याने करावयाचे हे पहिले काम आहे, आणि नेमके तेच राहून जाते.

उत्तर आलेच नाही तर पेटी बिघडली असे लगेच समजू नये. पेटीतील सिमचा रिचार्ज संपला आहे काय ते आधी पाहावे. जुन्या पेट्या टूजी नेटवर्कवर चालणाऱ्या असतात. जिओचे टूजी नेटवर्क नाही, त्यामुळे जिओचे सिम अशा पेटीत चालत नाही.

दुसरे कारण लिहिण्याच्या पद्धतीत असते. ही पेटी माणसासारखा अर्थ लावत नाही, ती अक्षराला अक्षर जुळवून पाहते. मोबाईल स्वतःहून पहिले अक्षर मोठे करतो, शेवटी टिंब देतो किंवा मध्ये जागा सोडतो. काही पेट्यांना तेवढेही चालत नाही. मराठी कळफलक सुरू असेल तर आकडे देवनागरीत उमटतात. आपल्याला १० आणि इंग्रजी दहा एकच वाटतात, पेटीला ते दोन वेगळे पदार्थ आहेत. शिवाय इंग्रजी अक्षरांचा एक संदेश १६० अक्षरांचा असतो आणि देवनागरीचे एक अक्षर जरी आत आले तरी तीच मर्यादा ७० वर येते, कारण संदेशाची बांधणीच बदलते. म्हणून आज्ञा इंग्रजी कळफलकावर, पुस्तिकेत आहे तशीच लिहावी. एकदा बरोबर गेलेला संदेश मोबाईलमध्ये जपून ठेवून पुढे तोच पाठवीत जावे.

बदल करताना

एका वेळी एकच सेटिंग बदलावी आणि लगेच तीच पुन्हा विचारून पाहावी. ‘ठीक’ असे उत्तर आले म्हणजे आज्ञा पोहोचली एवढेच समजते. आत कोणता आकडा बसला हे विचारल्याशिवाय कळत नाही. दोन-तीन बदल एकदम केले आणि मोटार लागेनाशी झाली, तर दोष कोणत्या बदलात आहे ते शोधत बसावे लागते. बदल करताना एक माणूस विहिरीवर, मेन स्विचजवळ असावा.

क्रमांकांची यादी दर पाडव्याला, सालगडी बदलला की त्याच दिवशी तपासावी. मुख्य क्रमांक घरातील अशा माणसाचा असावा, ज्याचे सिम सहसा बदलत नाही. पेटीचे सिम बदलल्यानंतरही यादी पुन्हा विचारावी, कारण काही बनावटींत क्रमांक सिमवरच साठविलेले असतात. पेटीला परवलीचा शब्द असेल तर कारखान्याने दिलेला शब्द तसाच ठेवू नये. पुस्तिका घेणाऱ्या प्रत्येकाला तो माहीत असतो.

ऑटो पद्धतीबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. या पद्धतीत लाईट येताच मोटार आपोआप सुरू होते. सोय मोठी आहे, पण एका डीपीवरील सगळेच शेतकरी ही सोय घेतात. मोटार सुरू होताना काही क्षण तिला नेहमीच्या सुमारे पाच ते सात पट प्रवाह लागतो. दहा-पंधरा मोटारी एकाच क्षणी उठल्या तर डीपीचे फ्यूज उडतात, व्होल्टेज पडतो आणि डीपी जळण्याची वेळ येते. मग नवा डीपी येईपर्यंत सर्वांचीच पिके वाळतात. यासाठीच ऑटोस्विच काढून कॅपॅसिटर बसवावेत असे आवाहन महावितरण वेळोवेळी करीत असते. ज्यांना ऑटो ठेवणे भागच आहे त्यांनी पेटीतील ‘उशिराने सुरुवात’ ही सेटिंग पाहावी. एका डीपीवरील शेतकऱ्यांनी एकत्र बसून कोणी २ मिनिटे, कोणी ४, कोणी ६ असा उशीर वाटून घ्यावा. या बैठकीला चहाचा जो खर्च येईल तो डीपीच्या वर्गणीपेक्षा निश्चित कमी असेल.

अँपिअरच्या मर्यादा मोटारीच्या नामपट्टीवरून व प्रत्यक्ष मोजणीवरून ठरवाव्यात. ५ अश्वशक्तीच्या थ्री फेज मोटारीच्या पट्टीवर साधारणपणे ७ ते ९ अँपिअरचा आकडा असतो. विहीर भरलेली व व्होल्टेज ठीक असताना मोटार किती अँपिअर घेते ते पेटीला विचारावे. समजा, ८ अँपिअर आले. पाणी तुटले की पंपावरचा भार उतरतो आणि प्रवाह कमी होतो. म्हणून कोरड्या धावेची मर्यादा ६ अँपिअरच्या आसपास ठेवली तर पाणी संपल्यावर मोटार बंद पडेल. याउलट व्होल्टेज पडला किंवा पंप जाम होऊ लागला की प्रवाह वाढतो. जादा भाराची मर्यादा ९ ते साडेनऊच्या वर नेऊ नये. मोटार वारंवार बंद पडते म्हणून ही मर्यादा १२-१५ पर्यंत वाढविणारे अनेक शेतकरी पाहण्यात येतात. पेटी तक्रार सांगत असते आणि आपण तिचे तोंड बंद करतो. नंतर वाइंडिंगवाल्याकडे जावे लागते.

टायमर पाण्याच्या हिशेबाने लावावा. २०० लिटरचा ड्रम ४० सेकंदांत भरत असेल तर पंप सेकंदाला ५ लिटर, म्हणजे तासाला १८,००० लिटर पाणी देतो. एक एकर हळदीला ५ सेंमी पाणी द्यायचे तर सुमारे २ लाख लिटर, म्हणजे पाटातील गळती सोडून ११ तास लागतात. अर्ध्या एकराला साडेपाच तास. तेव्हा टायमर ६ तासांवर ठेवणे योग्य दिसते. परंतु मध्ये लाईट जाऊन आली तर पेटी उरलेला वेळ मोजते की पुन्हा पहिल्यापासून ६ तास धरते, हे आधी तपासावे. चार तासांनी लाईट गेली आणि गणती नव्याने सुरू झाली तर त्याच अर्ध्या एकरात दहा तास पाणी जाईल. भारी जमिनीत हळदीच्या बुडाशी असे पाणी साचले की कंदकुजीला आमंत्रणच मिळते. तपासणी सोपी आहे. टायमर १० मिनिटांवर लावून पाच मिनिटांनी मेन स्विच खाली-वर करावा, मोटार पुन्हा लावावी आणि घड्याळ पाहावे.

गटातील चॅट बॉट

सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम-किसान योजनेसाठी सुरू झालेला ‘किसान ई-मित्र’ साध्या मराठीतील प्रश्न समजून घेतो. त्यात शेतकऱ्याने भाषा निवडायची, एवढेच. गटाने स्वतःसाठी तयार करून घेतलेला टेलिग्राम बॉट वेगळा. त्याच्या सेटिंग्ज गटालाच सांभाळाव्या लागतात. टेलिग्रामने जून २०१५ मध्ये बॉटची सोय खुली केली. त्यात प्रत्येक आज्ञा तिरक्या रेघेने सुरू होते आणि इंग्रजी अक्षरांत लिहावी लागते. स्टार्ट, हेल्प व सेटिंग्ज या तीन आज्ञा सर्व बॉटना सारख्याच असाव्यात असा टेलिग्रामचा सल्ला आहे. म्हणून नवा बॉट गटात आला की आधी हेल्प, मग सेटिंग्ज पाठवून पाहावे. गटात दोन बॉट असतील तर आज्ञेला लागून ‘ॲट’चे चिन्ह व बॉटचे नाव लिहावे, म्हणजे दुसरा बॉट मध्ये बोलत नाही.

बॉट गटातील सगळे बोलणे वाचतो काय, अशी शंका अनेकांना येते. गोपनीयतेची सेटिंग मुळात चालू असते. अशा वेळी बॉटला त्याच्यासाठी लिहिलेल्या आज्ञा, त्याच्या संदेशांना दिलेली उत्तरे असे मोजकेच संदेश दिसतात. ती सेटिंग बंद केली किंवा बॉटला गटाचा व्यवस्थापक केले, तर सर्व संदेश त्याच्यापर्यंत जातात. बॉटच्या मालकाला ही सेटिंग ‘बॉटफादर’ या टेलिग्रामच्या मुख्य बॉटकडे पाहता व बदलता येते. तेथेच आज्ञांची यादीही बदलता येते. मात्र यादीतून एखादी आज्ञा काढली म्हणजे ती बंद झाली असे नाही. यादी ही दुकानाची पाटी आहे. आत काय चालते ते बॉट तयार करणाऱ्याने लिहिलेले असते, आणि ज्याला आज्ञा माहीत आहे तो ती हाताने लिहून पाठवू शकतो.

गटातील कोणाची आज्ञा मानायची हेही बॉटला शिकवावे लागते. पाठविणारा गटाचा व्यवस्थापक आहे की नाही हे टेलिग्रामला विचारण्याची सोय आहे, पण ती वापरलेली असेलच असे नाही. साध्या सभासदाच्या मोबाईलवरून फुलांच्या भावाचा संदेश येण्याची वेळ बदलून पाहावी. बदलली तर बॉट तयार करणाऱ्याला बोलावून दुरुस्ती करून घ्यावी. बॉटची किल्ली म्हणजे टोकन. ते ज्याच्या हाती, त्याच्या हाती बॉट. ते गटात चुकून टाकले गेले असेल तर संदेश पुसून भागत नाही, बॉटफादरकडून त्याच दिवशी नवे टोकन घ्यावे. जुने आपोआप रद्द होते.