पैसे गेले, पावती नाही

दिवाळीच्या ऐन गर्दीत, कापडाच्या दुकानातील गल्ल्यापाशी लागलेली रांग दाराबाहेर गेलेली असताना, ग्राहकाच्या मोबाईलवर रक्कम वजा झाल्याचा संदेश यावा आणि दुकानदाराच्या स्वाइप मशीनवर मात्र व्यवहार फसल्याची अक्षरे उमटावीत, हा प्रसंग आता नवलाचा राहिलेला नाही. ‘माझे पैसे गेले,’ असे ग्राहक म्हणतो, ‘मला पोचले नाहीत,’ असे दुकानदार म्हणतो. आणि दोघेही खरे बोलत असल्यामुळेच तंटा मिटत नाही.

वस्तुतः या मामल्यातील कसूर बहुधा दोघांपैकी एकाचाही नसतो. मशीनमधून निघालेली मागणी ज्या बँकेने ते मशीन दुकानात बसविले तिच्याकडे, तेथून रूपे, व्हिसा किंवा मास्टरकार्ड यांच्या जाळ्यात, आणि शेवटी ग्राहकाच्या स्वतःच्या बँकेत पोचते. ती बँक पिन आणि शिल्लक पडताळून, डेबिट कार्ड असल्यास रक्कम तत्काळ वजा करते व संमतीचा निरोप आल्या वाटेने परत धाडते. हा परतीचा निरोप वाटेत हरवला, की मशीन ठराविक अवधी थांबून व्यवहार सोडून देते आणि वजावट रद्द करण्याचा दुसरा निरोप पाठविते. पण दुर्दैवाने तोही गहाळ झाला, तर उभय बँकांच्या हिशेबांची रुजुवात होईपर्यंत ती रक्कम अधांतरी राहते. मोठमोठी जाळीही यातून सुटलेली नाहीत. १ जून २०१८ रोजी व्हिसाच्या एका माहितीकेंद्रातील स्विच अंशतः बिघडला, तेव्हा काही तासांत युरोपभर सुमारे ५२ लाख व्यवहार फसले.

पूर्वीच्या सावकारी पेढ्यांनी या आपत्तीची तजवीज आधीच करून ठेवली होती : हुंडी सकारली न गेल्यास पैसे कोणी द्यावेत, हे तिच्यासोबतच्या जिकरी चिठ्ठीत नमूद असे. कार्डाच्या बाबतीत तशी स्पष्टता आपल्याकडे यायला बराच अवधी लागला. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने असे ठरवून दिले, की दुकानात कार्ड वापरल्यावर खात्यातून रक्कम वजा झाली पण पावती निघाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ती आपोआप परत जमा झाली पाहिजे. त्यापुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई द्यावयाची आणि तीही ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता. दुकानदाराला यूपीआयने दिलेल्या पैशांसही हीच मुदत लागू आहे. चूक कोणत्या दुव्याची, याचा निवाडा बँकांनी आपसांत खुशाल करावा. ग्राहकाने त्यात पडण्याचे कारण नाही. माझ्या मते या नियमातील खरे शहाणपण येथेच आहे.

मात्र त्याची दुसरी बाजू ग्राहकांना रुचत नाही. पावती निघालेली नसेल, तर दुकानदाराला मोबदला मिळालेला नसतो, आणि मालाचे पैसे पुन्हा मागण्याचा त्याचा हक्क शाबूत राहतो. उलट व्यवहार रीतसर मंजूर होऊन पावती हाती आल्यावर त्याचे पैसे पुढे बँकेत अडकले, तर तो तगादा त्याने बँकेकडे लावावा, ग्राहकाकडे नव्हे. इंग्लंडमध्ये पेट्रोलपंपांना कार्डाची सोय पुरविणारी एक कंपनी १९८५ मध्ये बुडाली, तेव्हा पंपवाल्यांचे पैसे तिच्याकडे अडकून पडले. तरीही तेथील न्यायालयाने १९८६ मध्ये आणि अपिलात १९८८ मध्ये हेच म्हटले, की कार्ड स्वीकारले तेथे ग्राहकाचे देणे फिटले.

तेव्हा गल्ल्यापाशी दुकानदाराकडे पैशांसाठी हट्ट धरण्यापेक्षा व्यवहार फसल्याची चिठ्ठी मागून घ्यावी. मशीनमधून तीही निघत नसेल, तर बिलावरच तारीख, वेळ व रक्कम लिहून त्याची सही घ्यावी, जी सभ्य दुकानदार नाकारीत नाही. पुन्हा कार्ड लावण्याऐवजी शक्यतो रोख द्यावी, कारण दुसरी वजावटही अडकली तर कटकट दुप्पट होते. पाच दिवसांत रक्कम न आल्यास आपल्याच बँकेकडे लेखी तक्रार करावी आणि तिचा क्रमांक जपून ठेवावा. बँकेने ती फेटाळली किंवा तीस दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. त्यासाठी शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.