गल्लींतला खेळ आणि शिकवणींतला खेळ

आमच्या गल्लींत रोज सायंकाळीं साडेपांचाच्या सुमारास जी आरोळी उठत असे, ती गेल्या दोन महिन्यांपासून ऐकूं येईनाशी झाली आहे. ही गोष्ट आमच्या आधीं आमच्या मातोश्रींच्या ध्यानांत आली. "अलीकडे तुळशीपाशीं चेंडू येऊन पडत नाहीं," असें त्या एके दिवशीं सहज म्हणाल्या, तेव्हां आम्हीं चौकशी केली. आमच्या धाकट्या बंधूंनीं आपल्या अकरा वर्षांच्या चिरंजीवांस क्रिकेटच्या शिकवणीवर्गांत घातलें होतें. वर्ग आठवड्यांतून पांच सायंकाळीं भरतो. त्याच्या पाठोपाठ समोरच्या घरांतील दोन मुलें गेलीं. आणि आठांतून तीन गडी उणे झाले म्हणजे गल्लींतला खेळ मोडतो.

बंधूंचा बेत एवढ्यावर थांबलेला नाहीं. पुढील जून महिन्यांत मुलास पुण्यास एखाद्या निवासी क्रीडावर्गांत ठेवावें, असें त्यांच्या मनांत आहे. "दादा, जालन्याच्या गल्लींत खेळून काय होणार? आजकाल सगळें शास्त्रशुद्ध शिकावें लागतें," हें त्यांचें म्हणणें. मातोश्री म्हणतात, "अकरा वर्षांचें पोर परक्या गांवीं कोणाच्या हातचें जेवणार?" मुलाची आई कांहींच बोलत नाहीं, आणि तें न बोलणें आम्हांस अधिक बोलकें वाटतें. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं पंगतीला असाच वाद चालत असेल, म्हणून या प्रश्नाचा थोडा धांडोळा घेण्याचें आम्हीं योजिलें.

हा वाद नवा नाहीं, आणि केवळ आपलाहि नाहीं. ज्या इंग्लंडानें १८६३ सालीं फुटबॉलचे नियम लिहून काढले, त्या देशानें तो आपल्यापेक्षां अधिक काळ आणि अधिक पैसा खर्चून घातला आहे. तेथील कामकरी वस्त्यांतील मुलें पूर्वीं घरामागच्या बोळांतच चेंडू लाथाडीत वाढत. पुढें प्रख्यात झालेले बॉबी चार्लटन हे अॅशिंग्टन नांवाच्या कोळशाच्या खाणींच्या गांवचे. नंतर रस्त्यांवर मोटारी आल्या, बोळ ओस पडले, आणि खेळ शाळेंत न्यावा असें तेथील धुरिणांस वाटूं लागलें. १९८४ सालीं लिलशॉल येथें निवडक मुलांसाठीं निवासी फुटबॉलशाळा निघाली. तिच्यांतून मायकेल ओवेनसारखे खेळाडू बाहेर पडले हें खरें. परंतु १९९९ सालीं ती बंद झाली व शिकवणीचा भार मोठ्या क्लबांवर आला. २०१२ सालीं तेथील प्रीमियर लीगनें नवी योजना आंखून क्लबांच्या शिक्षणकेंद्रांस प्रती ठरवून दिल्या आणि मुलांच्या सरावाचे तास वाढविले.

गमतीची गोष्ट अशी कीं, त्याच सुमारास इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनें लहान मुलांचा खेळ मुद्दाम लहान करून टाकला. सात-आठ वर्षांच्या मुलांनीं पांच-पांच गड्यांनीं लहानशा मैदानावर खेळावें, नऊ-दहा वर्षांच्यांनीं सात-सात, आणि अकरा गड्यांचा पुरा खेळ बारा वर्षें उलटल्यावरच, असा दंडक घातला. कारण काय, तर मोठ्या मैदानावर लहान मुलाच्या पायाशीं चेंडू क्वचितच येतो. अपुऱ्या जागेंत तो सारखा येतो. म्हणजे आधीं बोळ मोडला, आणि मग त्याच बोळाचें माप घेऊन हिरवळीवर चुन्याच्या रेघा ओढल्या!

या बाबतींत नुसत्या तर्कावर विसंबण्याचें कारण नाहीं. पॉल फोर्ड व त्यांचे सहकारी यांनीं इंग्लंडमधील क्लबांत शिकणाऱ्या मुलांच्या बालपणाचा हिशेब मांडून २००९ सालीं तो प्रसिद्ध केला. त्यांत असें दिसून आलें कीं, जे पुढें व्यावसायिक खेळाडू झाले आणि जे गळले, त्यांच्यांत सहा ते बारा वर्षांच्या वयांत शिकवणीच्या तासांचा फरक नव्हता. फरक होता तो आपखुशीनें, कोणीहि न शिकवतां खेळलेल्या फुटबॉलच्या तासांचा. जे टिकले ते तसे अधिक खेळले होते. ध्यानांत घ्यावें, हीं सर्वच मुलें शिकवणींतलीं होतीं. शिकवणी निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. शिकवणीच्या बाहेर मूल काय करतें, यालाहि किंमत आहे एवढाच.

आणि याचें प्रात्यक्षिक आपल्याच देशांत झालें. २०१७ सालीं सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतांत भरली. इंग्लंडच्या संघांत दोन मुलें होतीं. फिल फोडेन हा लहानपणापासून मँचेस्टरच्या एका क्लबांत शिकलेला. जेडन सँचो हा दक्षिण लंडनमधील केनिंग्टनचा, तिकडे वस्त्यांमधून जाळीनें वेढलेल्या फरसबंद चौकांत मुलें खेळतात तेथें चेंडू खेळवीत वाढलेला, आणि क्लबाची शिकवणीहि घेतलेला. सँचोला त्याच्या जर्मन क्लबानें स्पर्धा अर्धी असतांनाच परत बोलावून घेतलें. पुढें कोलकत्याच्या अंतिम सामन्यांत इंग्लंड स्पेनपुढें दोन गोलांनीं मागें पडूनहि पांच विरुद्ध दोन असें जिंकलें, आणि स्पर्धेंतील सर्वोत्तम खेळाडूचा मान फोडेनला मिळाला. त्याच स्पर्धेंत भारताकडून खेळला तो कोल्हापूरचा अनिकेत जाधव, एका रिक्षाचालकाचा मुलगा. कोल्हापूरचा फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा. खंडोबा तालीम, पाटाकडील तालीम अशीं संघांचीं नांवेंच तें सांगतात. त्या गांवांत जन्मलेला हा मुलगा पुढें पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनींत शिकला.

हें वाचून दाखवितांच आमचे बंधु म्हणाले, "पाहा, शेवटीं पुण्यासच जावें लागलें ना!" त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं.

परंतु फुटबॉल बाजूस ठेवून जालन्याकडे पाहूं. आपल्या जिल्ह्याच्या विजय झोल यांनीं २०११ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षाच्या आगेंमागें, कूचबिहार करंडकाच्या सामन्यांत महाराष्ट्रातर्फे आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या. २०१२ सालीं एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघांत ते होते, आणि २०१४ सालच्या स्पर्धेंत त्या संघाचे कर्णधार होते. (त्या खेपेस उपांत्यपूर्व फेरींत आपल्याला हरविलें तें इंग्लंडनेंच.) जालन्याचा पत्ता कपाळावर असला म्हणून दार बंद होत नाहीं, हें यावरून कळतें. पण दुसरेंहि कळतें. एवढी विक्रमी खेळी आणि कर्णधारपद पदरीं असूनहि वरिष्ठ भारतीय संघांत त्यांची वर्णी लागली नाहीं. वाट इतकी अरुंद आहे. अकरा वर्षांच्या मुलाचें सारें बालपण त्या एका वाटेवर पणास लावावें काय, हें बापानें शांत चित्तानें ठरविलें पाहिजे.

गल्ली काय शिकविते, तें वहीवर उतरवितां येत नाहीं. आमच्या गल्लींत भिंतीला थेट चेंडू लागला कीं बाद, आणि अंगणांत गेला तर मारणाऱ्यानेंच आणावयाचा. पाण्याचा टँकर शिरला कीं खेळ थांबतो आणि टँकर गेल्यावर जेथें थांबला होता तेथूनच सुरू होतो. धावसंख्या सर्वांना तोंडपाठ असते, निदान तिच्यावर भांडण तरी सर्वांना करतां येतें. उन्हाळ्यांत जमीन खापरीसारखी तापते व तडकते. चेंडू कोठें उसळेल हें कोणी सांगत नाहीं, डोळ्यांनींच पाहावें लागतें. पंच नसतो, म्हणून निवाडाहि मुलेंच करतात. सहा वर्षांच्या पोरास कच्चा लिंबू म्हणून घेतात आणि सोळा वर्षांचा दांडगा त्याला हळू चेंडू टाकतो. वर्गांत मात्र मुलें वयावारीं लावलेलीं, आणि प्रत्येकाच्या मागें "कोपर वर!" म्हणणारे गुरुजी.

तरी गल्लीचें उणें झांकून उपयोग नाहीं. रबरी चेंडूवर जमलेला हात कातडी चेंडूपुढें लटपटतो. आणि पाठीमागें पांच जण खोळंबले असतां कोणी चारशें धावा काढण्याचा सराव करील, हें शक्य नाहीं. दीर्घकाळ टिकून राहणें ही शिकवणीनेंच लागणारी संवय आहे. चुकीची ठेवण वेळींच कोणी सुधारली नाहीं, तर ती पंधराव्या वर्षीं हाडांत मुरते.

आम्ही खरें म्हणजे गल्लीचीच वकिली करावयास निघालों होतों. परंतु आमच्या नऊ वर्षांच्या पुतणीनें आम्हांस अडविलें. ती म्हणाली, "काका, गल्लींत मला कोणी बॅटच देत नाहीं. दादाच्या वर्गांत मुली आहेत, त्यांना नंबरानें मिळते." यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. ज्या गल्लीचे आम्ही एवढे गोडवे गात होतों, ती मुलांची होती. मुलींना तिनें चेंडू आणून देण्याचें काम दिलें. सांगलीची स्मृति मानधना थोरल्या भावाच्या मागोमाग सरावाला जाऊं लागली आणि नवव्या वर्षीं महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील संघांत आली. भावाच्या मागें जावयास जाळीची जागा होती म्हणून तें घडलें. मुलाला वर्ग पाठवूं नका म्हणणाऱ्या आम्हीं मुलीला तरी वर्गाचें दार कां बंद करावें?

गेल्या गुरुवारीं पंगत उठल्यावर मातोश्री सर्वांना बसवून म्हणाल्या, "पुण्याचें पुढें पाहूं." ठरलें तें असें : मुलगा तेरा वर्षांचा होईपर्यंत जालन्यांतच राहील, वर्ग तीन सायंकाळीं, उरलेले दिवस गल्ली. पुतणीचें नांव त्याच वर्गांत घालावयाचें. समोरच्या घरच्यांशीं बंधूंनींच बोलावयाचें, कारण तीं मुलें परतल्याखेरीज गल्ली उभी राहत नाहीं. बंधूंनीं मान हलविली, पण पुण्याच्या वर्गाचें माहितीपत्रक त्यांनीं फाडलें नाहीं, कपाटांत ठेविलें आहे. मुलाच्या आईनें त्या रात्रीं दोन महिन्यांनीं प्रथमच आपण होऊन पानांत भात वाढून घेतला, हें आमच्या पत्नीनें आम्हांस सांगितलें.

रविवारीं चिरंजीव नवी बॅट घेऊन गल्लींत उतरले. इतके दिवस गैरहजर, म्हणून त्यांचा नंबर शेवटचा लावण्यांत आला. बॅट मात्र सर्वांनीं वापरली. पुतणीनें तिसरा नंबर भांडून मिळविला. सहाच्या सुमारास चिरंजीवांची पाळी आली, आणि दुसराच चेंडू त्यांनीं वर्गांत शिकविल्याप्रमाणें कोपर वर ठेवून असा कांहीं मारला कीं तो थेट आमच्या भिंतीला लागून तुळशीपाशीं पडला. नियमाप्रमाणें ते बाद होते. मातोश्रींनीं चेंडू उचलून पदराखालीं घेतला आणि ज्यानें मारला त्यानेंच येऊन न्यावा म्हणून ओट्यावर बसून राहिल्या.