पाळीतील वेदना आणि व्यायाम

खेळाच्या तासाला एखादी मुलगी हळूच सांगते, "बाई, पोटात दुखतंय, मी बसू का?" बाई तिला बसू देतात आणि ते योग्यच असते. पण अशा प्रसंगांतून एक समजूत नकळत रुजत जाते, की पाळी आणि व्यायाम यांचे जमत नाही. ही समजूत कितपत खरी आहे, हे आपण पाहू.

हा वाद जुना आहे. १८७३ साली बॉस्टनचे डॉक्टर एडवर्ड क्लार्क यांनी एक पुस्तक लिहिले. मुलींनी मुलांच्या बरोबरीने अभ्यास केला तर त्यांच्या प्रजननसंस्थेवर वाईट परिणाम होतो, पाळीच्या काळात त्यांना विश्रांती हवी, असे त्यांचे म्हणणे होते. त्याला डॉ. मेरी पटनम जॅकोबी यांनी उत्तर दिले ते निरीक्षणांनी. त्यांनी १००० प्रश्नावल्या पाठवल्या, २६८ स्त्रियांकडून उत्तरे आली. काही स्त्रियांच्या नाडीची व स्नायूंच्या शक्तीची मोजमापेही घेतली. पाळीत सक्तीची विश्रांती हवीच असे मानायला आधार नाही, हा त्यांचा निष्कर्ष. या निबंधाला १८७६ साली हार्वर्ड विद्यापीठाचे बॉयल्स्टन पारितोषिक मिळाले.

आता मुळात दुखते का, ते समजून घेऊ. गर्भाशयाची भिंत स्नायूंची असते आणि तिला आतून मऊ अस्तर असते. गर्भधारणा झाली नाही, की प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण घसरते आणि अस्तर सुटू लागते. त्या वेळी अस्तराच्या पेशींत प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार होतात. (१९३५ च्या सुमारास स्वीडनचे उल्फ फॉन ऑयलर यांनी हे नाव दिले. ही रसायने पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीतून येतात, असा तेव्हा समज होता. ती शरीरात जवळपास सर्वत्र तयार होतात, हे पुढे कळले.) प्रोस्टाग्लँडिनमुळे गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावतात. ती प्रमाणाबाहेर तयार झाली, तर आकुंचन इतके जोराचे होते की गर्भाशयातील दाब रक्तवाहिन्यांतील दाबापेक्षा वर जातो. स्नायूला रक्त, म्हणजेच प्राणवायू, कमी पडतो आणि कळा येतात. हीच रसायने आतड्यांवरही परिणाम करतात. म्हणून काहींना मळमळते, काहींना जुलाब होतात.

यातून एका कोड्याचा उलगडा होतो. पाळी सुरू झाल्यावर पहिले काही महिने अनेक मुलींना फारसे दुखत नाही, मग दुखू लागते. असे का? सुरुवातीच्या बऱ्याच पाळ्यांत स्त्रीबीज बाहेर पडलेले नसते. त्यामुळे प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही आणि त्याच्या घसरणीतून होणारी पुढची साखळीही सुरू होत नाही.

व्यायामाने या वेदना कमी होतात का? २०१९ साली कॉक्रेन या संस्थेने १२ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यांत ८५४ स्त्रिया होत्या. वेदना मोजण्याची रीत साधी असते. १०० मिलीमीटरची रेघ आखायची; एका टोकाला 'मुळीच दुखत नाही', दुसऱ्या टोकाला 'असह्य'. आपली वेदना जिथे असेल तिथे खूण करायची. आठवड्यातून तीन किंवा अधिक वेळा, दर वेळी ४५ ते ६० मिनिटे व्यायाम करणाऱ्यांची खूण, न करणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे २५ मिलीमीटर खाली आली. व्यायाम योगासने आणि ताणाचे असोत की दमवणारे, फायदा दिसला.

मात्र आढावा घेणाऱ्यांनीच हा पुरावा कमी प्रतीचा ठरवला. त्याचे एक कारण विद्यार्थ्यांना जरूर सांगावे. औषधाच्या चाचणीत तशीच दिसणारी खोटी गोळी देता येते, खोटा व्यायाम कसा देणार? आपण व्यायाम करतो हे मुलीला माहीत असते आणि खूणही तीच करते. त्यामुळे तिच्या अपेक्षेचा प्रभाव वेगळा काढता येत नाही. व्यायामाने नेमके काय घडते, हेही पुरते सिद्ध झालेले नाही. मेंदूत वेदनाशामक एंडॉर्फिन वाढत असावीत, मनावरचा ताण कमी होत असावा, प्रोस्टाग्लँडिन घटत असावीत, अशा शक्यता मांडल्या जातात.

मग शाळेत काय करावे? व्यायामाला खर्च नाही, धोका नगण्य आणि इतर फायदे भरपूर, म्हणून तो करून पाहण्यासारखा नक्कीच आहे. झपझप चालणे, सायकल, दोरीच्या उड्या, सूर्यनमस्कार, जे आवडेल ते. पण तो महिनाभर नियमित हवा. केवळ दुखू लागल्यावर केलेल्या उड्यांची परीक्षा या चाचण्यांनी घेतलेली नाही. पाळीत खेळायला हरकत नाही, हे मुलींना कळावे आणि ज्या दिवशी नको वाटेल त्या दिवशी बसण्याची मोकळीकही असावी. ओटीपोट शेकल्यानेही आराम पडतो. आयब्युप्रोफेनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिन तयार होण्यालाच अडवतात. ती डॉक्टरांना विचारून घ्यावीत.

एक इशारा महत्त्वाचा. दर महिन्याला शाळा बुडावी इतके दुखत असेल, वेदना वाढत चालली असेल, पाळी नसतानाही दुखत असेल किंवा रक्तस्राव फार होत असेल, तर व्यायामावर विसंबू नये. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या एंडोमेट्रिओसिससारखे आजार त्यामागे असू शकतात. "पाळीत दुखायचंच" असे म्हणून गप्प बसवल्यामुळे अशा आजारांचे निदान वर्षानुवर्षे लांबते. अशा वेळी पालकांना बोलावून मुलीला डॉक्टरांकडे न्यायला सांगणे, हेच शिक्षकांनी करण्याजोगे सर्वांत उपयोगी काम आहे.